ऐंशीची शीळ

इलारिया कानाविरीच्या गाडीत वेगाचा काटा इलारियाला दिसत नसे. तो दिसे तिच्या शेजारी बसणाऱ्या उतारूला. यात नवल काही नाही; ओरुरो ते चायापाता या रस्त्यावर धावणाऱ्या निम्म्या गाड्यांची हीच तऱ्हा. जपानातून जुन्या गाड्या येतात त्या उजव्या हाताच्या, आणि आमच्याकडे चालवणारा बसतो डावीकडे. आमचे मिस्त्री स्टिअरिंग उपटून डावीकडे ठोकतात, पायाखालची पॅडलं ओढून आणतात, आणि तेवढ्यातच दमतात. काट्यांची पाटी राहते जिथल्या तिथे, उजवीकडे. त्यामुळे रीतच पडून गेलीय: पुढे बसेल त्याने काटा वाचायचा. पाय पसरायला जागा मिळते, खिडकी मिळते, मग एवढं करायला काय जातंय? काटा ऐंशीच्या वर सरकला की पुढच्याने ओरडायचं, "उस्ताद, ऐंशी झाले!" आणि उस्तादाने पाय उचलायचा. काटा वाचायचं सोडून घोरणाऱ्याला लोक उठवून सगळ्यात मागच्या सीटवर धाडतात, बोकडांच्या शेजारी.

ऐंशीचा नियम ड्रायव्हरांच्या संघटनेचा. एक गाडी वळणावर उलटली आणि रस्त्याच्या कडेला क्रूस उभे राहिले, तेव्हापासूनचा. पहिली तक्रार आली की शिक्षा अशी, की आठवडाभर स्वतःची गाडी उभी करून दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसायचं आणि काटा वाचायचा. दुसऱ्या तक्रारीला सगळ्यांदेखत तंबी. तिसरी आली की नाव कट, स्टँडवरचा नंबर दुसऱ्याला.

आणि हो, ड्रायव्हर म्हटला की आमच्याकडे तो उस्ताद. कालपरवा शिकलेला, मिसरूडही न फुटलेला उस्ताद, आणि प्रत्येक चढावर गिअर करकरवणारा कासियानोसुद्धा उस्ताद. फक्त इलारिया मावशी.

तेही तसं साहजिकच म्हणा. कित्येक वर्षं तिने ओरुरोच्या स्टँडवर गाडा लावून या सगळ्यांना चार्केकान खाऊ घातलं होतं. लामा या लोकरीच्या जनावराचं वाळवलेलं मांस कुटून कुरकुरीत तळायचं, सोबत मका, उकडलेला बटाटा, अंडं आणि चीजचा तुकडा. तिच्या हाताची चव अशी की ताट पुढ्यात आलं की ड्रायव्हरांना उठवत नसे. तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न मारी. मग हे लोक तोंडातला घास तसाच ठेवून किल्ली तिच्याकडे फेकत, "मावशी, गाडी जरा मागे घे ना गं!" अशी ती गाडी शिकली. आधी मागे न्यायला शिकली, मग पुढे. अख्ख्या ओरुरोत गाडी मागे घेण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

गाडा विकून तिने स्वतःची सात सीटची गाडी आणली, त्या दिवशी स्टँडवर हशा पिकला. "मावशी, हिला चाकं लावणार की कढई?" कासियानो म्हणाला.

"चाकं," इलारिया म्हणाली. "कढईत तुम्हाला तळायचं राहिलंय, ते सवडीने बघू."

तोंड असं तिखट, पण गाडी चालवणं म्हणाल तर एकदम सरळ. काटा दिसत नसला तरी तिचं कधी अडलं नाही. तिच्या दाराच्या काचेचं रबर एका जागी फाटलं होतं. वारा पडलेला असला आणि गाडी ऐंशीला पोचली, की त्या फटीतून बारीक शीळ सुरू व्हायची. किती उतारूंनी किती वेळा काटा वाचून दाखवला असेल, दरवेळी तिने ताडून पाहिलं होतं: शीळ म्हणजे ऐंशी. शीळ वाजली की ती पाय तिथेच थोपवायची. एकदा मिस्त्री रबर बदलायला निघाला तर ती पाना घेऊन उभी राहिली. "हात लावशील तर याद राख!" म्हणाली. रोज ती चायापात्याला सगळ्यांत शेवटी पोचे. तिला मागून गोगलगाय म्हणत, ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

आता घोळ कसा झाला ते ऐका. कासियानोच्या गाडीला ट्रकाला शोभतील अशी दांडगी टायरं होती. खाणीकडच्या चिखलात चालावीत म्हणून घातली म्हणे. मला विचाराल तर नुसता रुबाब. त्याच्या गाडीत चढायचं म्हणजे भिंत चढायची. एका सकाळी तोमासा आजी त्या गाडीपाशी आली. आजी म्हणजे मूठभर जीव, तीन घेरदार परकर, पाठीवर गाठोडं, आणि हातात चाती. चाती तिच्या हातून सुटलेली कुणी पाहिली नाही; चालताना, बसताना, भांडतानासुद्धा आजीचं सूत चालूच. तिने पाय उचलला, पोचला नाही. पुन्हा उचलला. कासियानोने मागून दोन्ही हात लावले आणि पोतं चढवावं तशी तिला आत ढकलली. वर म्हणाला, "वजन काय परकरांचंच आहे का गं आजी?" सगळे हसले. आजीचं तोंड एवढंसं झालं. सूत काततानाही तिची मान वर झाली नाही.

इलारियाने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कासियानोला काही बोलली नाही. ती तडक मामेभावाच्या टायरच्या दुकानात गेली आणि गाडीची चारही चाकं काढायला लावून एका छोट्या मोटारीची बुटकी चाकं बसवून घेतली. गाडी चांगली तीन बोटं खाली आली. भाऊ म्हणाला, "ताई, गाडी बसली की गं!" ती म्हणाली, "बसू दे. म्हाताऱ्या चढतील तरी."

कार्निव्हलचा मंगळवार तोंडावरच होता. त्या दिवशी आमच्याकडे गाड्यांची पूजा असते. इलारियाने बॉनेटवर फुलांच्या माळा घातल्या, पहिला घोट धरणीमायला दिला आणि नव्या चारही चाकांवर बियर शिंपडली. दुसऱ्या फेरीला तोमासा आजी आली, आपल्या पायाने चढली, पुढच्या सीटवर परकर पसरून बसली आणि म्हणाली, "चल पोरी." इलारियाला त्या दिवशी चार्केकानचा सगळा धंदा, सगळी चेष्टा, सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं.

पण आजीला डोळ्यांनी लांबचं दिसायचं, जवळचं नाही. तिने काही काटा वाचला नाही. वाचला तो पुढच्या आठवड्यात, वाटेतल्या पाझ्न्याला उतरणाऱ्या एका मास्तरणीने. "अहो बाई, ब्याण्णव!" ती किंचाळली. "मला लेकरंबाळं आहेत!"

इलारिया चमकली. शीळ तर नुकती कुठे लागली होती. इंजिन मात्र हल्ली जरा चढ्या आवाजात गात होतं खरं; तिला वाटलं, गाडीचं वय झालं बिचारीचं. तिने पाय उचलला. शीळ थांबली, काटा ऐंशीवर आला, आणि मेंढरांनी भरलेला एक ट्रक तिला मागे टाकून गेला. मेंढरंसुद्धा वळून बघत होती. मागच्या सीटवरचे ओरडले, "मावशी, उतरून ढकलू का?"

मास्तरणीने तक्रार नोंदवलीच. पहिली तक्रार, पहिली शिक्षा: आठवडाभर दुसऱ्याच्या गाडीत काटा वाचायचा. आणि गाडी कुणाची मिळाली? कासियानोची. तो संघटनेचा शिस्तीचा चिटणीस, त्यानेच ठरवलं.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. कासियानो गाडी सोडायचा आणि रस्त्याकडेचे दगड, गुरं, मातीची घरं सगळं भुर्रकन मागे जायचं. ती दाराची कडी धरून बसायची. ती काट्याकडे बघायची. काटा ऐंशीवर, एक केसही इकडे तिकडे नाही. "बघ मावशी," कासियानो दात दाखवत म्हणायचा, "ऐंशी म्हणजे काय असतं ते नीट बघून घे. शीक जरा." मागचे उतारूही माना डोलवायचे: आमचा उस्ताद बघा, सगळ्यांच्या आधी पोचवतो आणि काटा ऐंशीच्या वर जाऊ देत नाही!

मग ती आतून ढासळली. आपलेच डोळे गेले असतील, आपलेच कान. माणसाला स्वतःची खात्री वाटेनाशी झाली की दुसऱ्याने काही करायची गरजच उरत नाही. पुन्हा स्वतःच्या गाडीवर बसल्यावर ती कधी शीळ ऐकून चालवे, कधी उतारूच्या आरोळीवर. म्हणजे कधी पुढचे घाबरलेले, कधी मागचे कंटाळलेले. दुसरी तक्रार झाली. भर स्टँडवर तंबी मिळाली.

तिसऱ्या तक्रारीची कासियानोला घाई होती. त्याचा मेव्हणा कधीपासून नंबरासाठी ताटकळत होता. आयत्या बिळावर नागोबा व्हायला टपलेला. एका सकाळी कासियानो स्वतःच इलारियाच्या गाडीत पुढे येऊन बसला. "माझी गाडी मिस्त्रीकडे आहे," म्हणाला. त्याला शेजारी बघून इलारियाच्या अंगात जुनी जिद्द चढली. 'आज मी माझ्या कानाने चालवणार. पडले तर पडले.' वारा नव्हता. शीळ लागली, आणि तिने ती चायापात्यापर्यंत धरून ठेवली, ना वर ना खाली. कासियानो वाटभर चकार शब्द बोलला नाही. तिला वाटलं, चला, जमलं.

कासियानो खाली उतरला आणि स्टँडच्या मधोमध उभा राहून गरजला, "ब्याण्णव! वाटभर ब्याण्णव! माझ्या या डोळ्यांनी पाहिलं!"

"मग वाचलं का नाहीत मोठ्याने?" इलारियाने विचारलं. "पुढे बसून काटा पाहायचा आणि गप्प राहायचं, ही कुठली रीत?"

"रीत तू मला शिकवणार?" तो म्हणाला. "रविवारी सभा. तुझं नाव कट."

शनिवारी दुपारी इलारिया अंगणात बटाटे सोलत बसली होती. सोलत कसली, कापत होती; बटाट्यापेक्षा सालच जाड निघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कांदा तर जवळपास कुठेच नव्हता. तेवढ्यात लांबून तोमासा आजी आणि तिचा नवरा लोरेन्सो येताना दिसले. लोरेन्सो म्हणजे ताडमाड माणूस. तो सावकाश, लांब ढेंगा टाकत येत होता, आणि त्याच्या बाजूने आजी तुरुतुरु, परकर हलवत. दोघं बरोबर एका वेळी दारात पोचले. लोरेन्सो ताजातवाना, आजीला धाप.

"बस आजी. एवढं पळत कशाला आलीस?"

"पळत कोण आलं?" आजी खेकसली. "याच्याबरोबर चालत आले. याची दोन पावलं म्हणजे माझी तीन. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. माझी पावलं मोजशील तर मी याच्या दीडपट जग हिंडले असेन. पण पोचलो कुठे? तो पोचला तिथेच!"

लोरेन्सो हसला. इलारिया हसली नाही. तिच्या हातातली सुरी थांबली. ती आजीच्या पायांकडे बघत राहिली, मग लोरेन्सोच्या पायांकडे, मग अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या बुटक्या चाकांकडे.

काट्याला रस्ता कुठे दिसतो? काट्याला डोळे नाहीत. खाली चाकं किती गिरक्या घेतात तेवढंच त्याला कळतं. बुटक्या चाकाने तेवढंच अंतर कापायचं तर जास्त गिरक्या घ्यायला नकोत का? आणि काटा वेडा त्या गिरक्या मोजून सांगतो, बाई पळतेय, बाई पळतेय! इंजिनही म्हणूनच चढ्या आवाजात गातं. गाडीचं वय झालं नव्हतं, तिला पावलं जास्त टाकावी लागत होती!

"आजी!" इलारिया उठली आणि त्या मूठभर म्हातारीला तिने उचलून गरकन फिरवलं. "आजी, मी वेडी नाहीये गं! माझे कान शाबूत आहेत!"

"खाली ठेव मेले, सूत तुटतंय!" आजी ओरडली.

रविवारी सभा भरली ती गावाबाहेरच्या माळावर. तळ्याचं पाणी मागे हटल्यापासून तिथे कडक, पांढरी, फरशीसारखी सपाट जमीन उघडी पडलीय. अध्यक्ष अबुंदियोकाका खुर्चीवर, बाकी सगळे उभे, आणि गावातले बघे वेगळेच. कासियानोने तीनही तक्रारी वाचून दाखवल्या. "हिचं काही म्हणणं?" काकांनी विचारलं.

"आहे," इलारिया म्हणाली. "मी ऐंशीच्या वर कधी गेले नाही. काटा खोटं बोलतोय."

कासियानो असा हसला की माळावरच्या कोंबड्या उडाल्या. "ऐका! नाचता येईना अंगण वाकडं!"

"वाकडं आहे की सरळ ते आत्ता दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ती काकांकडे वळली. "काका, दोन गाड्या शेजारी शेजारी सोडा. एका वेगाने. दोन्ही खिडक्यांमधून आजीच्या सुताचा एकेरी धागा धरा. कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं, तर धागा तुटेल. धागा राहिला तर वेग एकच. मग दोन्ही काटे मोठ्याने वाचा. पुढे कुणालाही बसवा."

लोकांना आणखी काय हवं? टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. काकांची स्वतःची गाडी अजून कंपनीच्या चाकांवर होती. ती घ्यावी असं कुणीतरी सुचवलं. पण कासियानोला ते सोसेना. "माझी गाडी असताना दुसरी कशाला? या रस्त्यावर माझ्या काट्याइतका इमानी काटा नाही. विचारा उतारूंना!"

"चालेल," इलारिया म्हणाली.

तिच्या गाडीत पुढे कासियानोचा मेव्हणा बसला. कासियानोच्या गाडीत कोण? "मी," लोरेन्सो म्हणाला, आणि एका ढेंगेत चढला. धाग्याची टोकं धरायला मागच्या सीटवर माणसं बसली. इलारियाने आपल्या बाजूची काच पूर्ण वर केली. वारा पडलेला होता. दोन गाड्या सुटल्या, पांढरी धूळ उडाली, आणि मधला धागा फुगून थरथरत राहिला. इलारियाने कान दाराकडे लावला होता. वेग चढला, चढला, आणि फटीतून बारीक शीळ लागली. तिने हॉर्न मारून खूण केली.

"ब्याण्णव!" मेव्हणा आनंदाने ओरडला.

"सत्तर!" पलीकडून लोरेन्सोचा आवाज आला.

धागा तसाच होता.

परत आल्यावर एकच गलका झाला. एकाच वेगाला हिचा काटा ब्याण्णव आणि त्याचा सत्तर? काकांनी हात वर केला. "झालं तर मग. कासियानोच्या इमानी काट्याप्रमाणे बाई सत्तरने चालल्या होत्या. तक्रारी रद्द. नाव राहील."

टाळ्या झाल्या. आजीने चाती वर करून नाचवली. कासियानोचं तोंड उतरलं, पण सुटलो असंही त्याला वाटलं असावं. तो गाडीकडे निघाला. कुठल्याही शहाण्या बाईने एवढ्यावर घर गाठलं असतं. इलारियाने गाठलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "माझा निकाल लागला. कासियानोभाऊंचा नाही लागला."

"माझा कसला निकाल?"

"माझी शीळ वाजत होती. शीळ सत्तरला वाजत नाही, ऐंशीला वाजते. आठवडाभर तुमच्या शेजारी बसले होते मी. तुमचा काटा ऐंशी म्हणायचा आणि मी दाराची कडी धरून बसायचे. मला वाटलं, मीच बावळट." तिने त्याच्या दांडग्या टायरावर एक सणसणीत लाथ घातली. "काका, आता तुमची गाडी मध्ये आणा."

माळावरचे लोक दोन पावलं पुढे सरकले. तीन गाड्या एका ओळीत उभ्या राहिल्या. डावीकडे इलारिया, मध्ये काका, उजवीकडे कासियानो. दोन धागे. काकांच्या गाडीत काटा वाचायला लोरेन्सो गेला. कासियानोच्या गाडीत कोण बसणार?

"मी बसते," तोमासा आजी म्हणाली. मेव्हण्याचा चष्मा तिने त्याच्या नाकावरून काढून स्वतःच्या नाकावर चढवलाच होता. "हं! आता दिसतंय सगळं. तुला नको, ब्याण्णव तुझं पाठ झालंय!" मग ती कासियानोच्या गाडीपाशी गेली आणि भिंतीसारख्या त्या पायरीसमोर उभी राहिली. कुणीही हसलं नाही. "काय रे, या वेळी ढकलत नाहीस?" ती म्हणाली. कासियानोला खाली उतरावं लागलं, आणि सगळ्या गावादेखत गुडघा टेकून आपल्या मांडीची पायरी करावी लागली. आजी त्याच्या मांडीवर पाय देऊन सावकाश, अगदी सावकाश चढली.

गाड्या सुटल्या. दोन्ही धागे फुगले. शीळ लागली.

"ऐंशी!" मधून लोरेन्सो गरजला.

"ब्याण्णव," मेव्हणा डोळे बारीक करून पुटपुटला. त्याला मोठ्याने परत सांगायला लावलं.

"सत्तर!" आजीचा आवाज साऱ्या माळावर घुमला. "सत्तर म्हणतोय लबाड! लोकहो, सत्तर!"

दोन्ही धागे शाबूत होते.

कळायला लोकांना वेळ लागला नाही. खरे ऐंशी असताना ज्याचा काटा सत्तर दाखवतो, त्याने काट्यावर ऐंशी आणले तर खरे किती होतील? लोरेन्सोने बोटं मोजली आणि म्हणाला, "नव्वदच्या वर, बाबांनो." मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, म्हणूनच तर हा रोज पहिला पोचतो!" दुसरा म्हणाला, "आणि मावशी रोज शेवटी!" मग सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. रोज उशिरा येणारीला त्यांनी बेफाम ठरवलं होतं आणि रोज आधी येणाऱ्याला शिस्तीचा चिटणीस. डोळ्यांसमोरची गोष्ट कुणी पाहिली नव्हती. काटा म्हणाला ते सगळ्यांनी मानलं होतं, आणि इलारियानेसुद्धा. तिला त्याचाच जास्त राग आला.

कासियानो मुद्दाम खोटं बोलला नव्हता, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो आपल्या टायरांकडे असा बघत होता, जसं आपलंच कुत्रं आपल्याला चावलं. वळणावरचे क्रूस त्यालाही आठवले असणार. तो खाली मान घालून म्हणाला, "जुनी चाकं घरी आहेत. उद्याच बसवतो."

"बसव," काका म्हणाले. "पण नियम नियमच. पहिली तक्रार, आठवडाभर दुसऱ्याच्या गाडीत काटा वाचायचा. गाडी कुणाची ते इलारिया ठरवेल."

इलारियाने विचार करायचं नुसतं नाटक केलं.

सोमवारी सकाळी स्टँडवर गर्दी होती ती चायापात्याला जायची घाई असलेल्यांची नव्हे, बघ्यांची. इलारिया जांभळ्या मक्याचं गरम आपी दोन पेले प्यायली आणि पुन्हा गाडीत बसली. चाकं तीच होती, बुटकी. ती बदलायचा प्रश्नच नव्हता. आजी मागच्या सीटवर आपल्या पायाने चढून बसली होती, सूत चालू होतं. शेवटी कासियानो आला. टोपी डोळ्यांवर ओढून, कुणाकडे न बघता, पुढच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं.

गाव मागे पडलं. रस्ता सरळ, वारा पडलेला. वेग चढला, आणि दाराच्या फटीतून बारीक शीळ लागली. इलारियाने पाय थोपवला. पुढे बसेल त्याने वाचायचं असतं. मागे सगळ्यांनी कान टवकारले.

कासियानोने घसा साफ केला. "ब्याण्णव," तो म्हणाला. "म्हणजे ऐंशी... उस्ताद."

इलारियाने नजर रस्त्यावरून हलवली नाही. ओठ मात्र तिला दाबून धरावे लागले.

"शिळेत ऐकू आलं नाही, कासियानोभाऊ," ती म्हणाली. "परत सांगा. शेवटचा शब्द जरा मोठ्याने."